‘सी’ शिका, पण पाठ करू नका

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, संगणकाचा कोणता कोर्स करायचा? प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी म्हणून अनेक ठिकाणी आजही ‘सी’ हीच भाषा शिकवली जाते. ती शिकताना मुले नेमकी कुठे अडखळतात? आणि फीचे पैसे भरणाऱ्या आईवडिलांनी कशाकडे लक्ष द्यावे?

झाशीचा सदर बाजार म्हणजे छावणी भागातील बाजारपेठ. लष्कराच्या आणि रेल्वेच्या नोकरीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे या शहरात राहतात. मराठी माणसाला तर झाशी परकी नाहीच. नेवाळकरांच्या कारभारामुळे येथे आलेली मराठी घरे आजही आहेत. राणी लक्ष्मीबाई आणि गंगाधरराव यांचा विवाह १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात झाला, ते मंदिरही येथेच आहे. अशा घरांतल्या मुलांपुढे आज जो प्रश्न आहे, तोच नागपूरच्या सीताबर्डीवरच्या किंवा साताऱ्यातल्या मुलांपुढेही आहे. संगणक शिकायचा म्हणजे नक्की काय शिकायचे?

येथेच पहिली गल्लत होते. उत्तर प्रदेशात अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी ‘सीसीसी’ हे प्रमाणपत्र विचारले जाते. महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ आहे. हे दोन्ही अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतात. पत्र टाइप करणे, तक्ता बनवणे, ई-मेल पाठवणे वगैरे. ‘सी’चे तसे नाही. ती संगणकाला कामे सांगण्याची भाषा आहे. एकात तुम्ही गाडी चालवायला शिकता, दुसऱ्यात गाडीचे इंजिन जुळवायला. नावात ‘सी’ आहे म्हणून सीसीसीचा वर्ग लावला आणि मुलगा प्रोग्रॅमर होण्याची वाट पाहिली, तर पदरी निराशाच येणार. म्हणून फी भरण्याआधी हा एक प्रश्न स्पष्ट विचारून घ्या, येथे संगणक वापरायला शिकवणार की प्रोग्राम लिहायला?

पन्नाशी ओलांडलेली भाषा

‘सी’चा जन्म अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास झाला. डेनिस रिची हे तिचे जनक. त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी त्याआधी ‘बी’ नावाची भाषा केली होती. बीच्या पुढची म्हणून ही सी. १९७३ मध्ये ‘युनिक्स’ ही संगणकाची कार्यप्रणाली याच भाषेत नव्याने लिहिली गेली आणि सीचे सामर्थ्य जगाला कळले. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक आले. पडद्यावर एक नमस्कार छापणारा पहिला प्रोग्राम जगभर रूढ झाला तो या पुस्तकामुळे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने भाषेचे नियम पक्के केले. त्यानंतर त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. अगदी अलीकडची आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

एवढी जुनी भाषा आता कोण वापरते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात जी ‘लिनक्स’ प्रणाली आहे, ती मुख्यतः सीमध्येच लिहिलेली आहे. शाळा-कॉलेजांत सध्या जिचा बोलबाला आहे, त्या ‘पायथॉन’ भाषेचे सर्वाधिक वापरले जाणारे रूपही सीमध्ये लिहिले गेले आहे. इमारतीचा पाया दिसत नाही, म्हणून तो नसतो असे थोडेच आहे!

आणखी एक दिलासा. १९८९ च्या नियमांनुसार या भाषेतले राखीव शब्द अवघे ३२ आहेत. त्यामुळे मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीचा धसका घेण्याचे कारण नाही. बत्तीस शब्द, काही चिन्हे आणि सरळ विचार करण्याची सवय, एवढ्या शिदोरीवर सुरुवात करता येते.

नागपूरचे मास्तर

भारतात ही भाषा गावोगावी पोहोचवण्याचे मोठे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे आयआयटी कानपूरमधून एम. टेक. केले. नागपूरहून कानपूरला जाणाऱ्या रेल्वेच्या एका वाटेवर झाशी स्टेशन लागते. त्यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक गेली तीन दशके विद्यार्थ्यांच्या हाती आहे. सरळ सोपी इंग्रजी, भरपूर उदाहरणे आणि धड्याच्या शेवटी कस लावणारे प्रश्न, ही त्याची वैशिष्ट्ये.

त्यांची मांडणी पालकांनीही समजून घेण्यासारखी आहे. आपण भाषा कशी शिकतो? आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये आणि शेवटी परिच्छेद. सीचेही तसेच. आधी चिन्हे आणि अंक, मग त्यांतून बनणारी नावे, मग आज्ञा आणि शेवटी प्रोग्राम. जो वर्ग पहिल्याच दिवशी फळ्यावर पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहून ‘उतरवून घ्या’ म्हणतो, तो मुळाक्षरांआधी निबंध शिकवतो आहे असे समजा.

डबे आणि त्यांची लेबले

आता थोडी प्रत्यक्ष ओळख करून घेऊ. आपल्या स्वयंपाकघरात फळीवर डबे असतात. एकावर लिहिलेले असते साखर, दुसऱ्यावर डाळ. संगणकाच्या स्मृतीतही असेच डबे करता येतात. त्यांना ‘व्हेरिएबल’ म्हणतात. डब्याला नाव द्यायचे आणि त्यात काय ठेवणार ते आधीच सांगायचे. पूर्ण संख्या ठेवायची असेल तर ‘इंट’, दशांश असलेली संख्या असेल तर ‘फ्लोट’ किंवा ‘डबल’, एखादे अक्षर असेल तर ‘कॅर’. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. हा अर्धविराम विसरला की संगणक अडून बसतो. नवशिक्यांचे पहिले आठ दिवस त्यातच जातात. त्याने घाबरून जाऊ नये.

डबा नवा घेतला की आपण तो आधी घासून पुसून ठेवतो. सीमध्ये ते काम आपले असते. फंक्शनच्या आत केलेल्या नव्या डब्यात आधीचे काहीही पडलेले असू शकते. त्यात सुरुवातीला शून्य घातले नाही आणि थेट बेरीज सुरू केली, तर उत्तर भलतेच येते. अशा वेळी मुले संगणकाला दोष देतात. बिचाऱ्याने फक्त सांगितले तेवढेच केलेले असते.

टक्केवारी शून्य!

सीमधला सर्वांत मोलाचा धडा एका साध्या हिशेबात मिळतो. समजा, एका मुलीला ६०० पैकी ४५५ गुण मिळाले. टक्केवारी काढायची. शाळेतल्या रीतीने ती लिहिते, ४५५ भागिले ६०० गुणिले १००. प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि पडद्यावर उत्तर येते, ० टक्के!

असे का झाले? सीमध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागले तर उत्तरही पूर्ण संख्याच येते. दशांश भाग टाकून दिला जातो. ४५५ भागिले ६०० म्हणजे शून्य पूर्णांक पंचाहत्तर आणि काही. त्यातला शून्य तेवढा उरला. शून्याला शंभराने गुणले, उत्तर शून्यच.

हा दोष नाही, ही पद्धत आहे. कधी ती सोयीचीही पडते. १७ पेढे ५ मुलांत वाटायचे आहेत. १७ भागिले ५ केले की उत्तर ३, म्हणजे प्रत्येकाला तीन पेढे. टक्क्याचे चिन्ह वापरून तोच भागाकार केला की बाकी मिळते, २. दुकानातली सुट्ट्या पैशांची मोड, तासांतून मिनिटे वेगळी काढणे, संख्या सम की विषम, हे सारे या दोन चिन्हांवर होते.

आता कुणी हुशार विद्यार्थी म्हणेल, आधी गुणाकार करू, मग भागाकार. ४५५ गुणिले १०० भागिले ६००. आजच्या संगणकावर उत्तर येईल ७५. दशांश गेले, पण अब्रू वाचली. हाच प्रोग्राम ‘टर्बो सी’ या जुन्या साधनावर चालवला तर मात्र उत्तर येते, उणे ३३! कारण तेथे ‘इंट’च्या डब्यात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. ४५,५०० हा गुणाकार त्यात मावत नाही आणि संख्या उलटून ऋण होते. योग्य मार्ग असा की शंभराऐवजी १००.० लिहायचे. मग संगणक दशांशाचा हिशेब धरतो आणि उत्तर मिळते ७५.८३.

एकाच हिशेबाची चार उत्तरे आणि चारही वेळा संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. ज्या मुलीला हे ‘का’ समजले, तिला सीचा निम्मा पाया कळला. जिने फक्त शेवटची ओळ पाठ केली, तिला काहीच कळले नाही.

पैशांच्या हिशेबाबाबतही एक सूचना. ‘फ्लोट’मध्ये साधारण सहा-सात आकडेच नेमके राहतात. १२ लाख ३४ हजार ५६७ रुपये ८९ पैसे त्यात ठेवून पुन्हा छापले, तर ८९ पैशांचे ८८ पैसे होतात. म्हणून जाणकार माणसे रकमेचे पैसे करून ते पूर्ण संख्येत ठेवतात.

जर-तर आणि पुन्हा पुन्हा

दुकानदार सांगतो, पाचशेच्या वर खरेदी झाली तर दहा टक्के सूट, नाहीतर पूर्ण पैसे. ही झाली ‘इफ’ आणि ‘एल्स’ची आज्ञा. बाजारात सहज समजणारी गोष्ट वर्गात अवघड का वाटते? कारण येथे चिन्हांचे पथ्य आहे. बरोबरीचे एक चिन्ह म्हणजे ‘डब्यात घाल’ आणि दोन चिन्हे म्हणजे ‘सारखे आहे का ते पाहा’. विचारायच्या जागी एकच चिन्ह टाकले की संगणक विचारत नाही, सरळ डब्यातली वस्तूच बदलून टाकतो.

तीच आज्ञा अनेकदा करायची असेल तर ‘फॉर’ किंवा ‘व्हाइल’. सातचा पाढा छापायचा तर दहा ओळी लिहायला नकोत. एक ते दहा मोजत जा आणि दर वेळी सातने गुण, एवढे सांगितले की पुरे. मात्र कुठे थांबायचे ते सांगायला विसरले तर तो पाढा कधीच संपत नाही. लहान मुलाला ‘मी येईपर्यंत मोजत बस’ म्हणावे आणि आपण यायलाच विसरावे, तसे ते होते.

मोठे काम लहान तुकड्यांत वाटले की त्याला ‘फंक्शन’ म्हणतात. पुरणपोळीच्या घाईत एकीने पुरण वाटायचे, दुसरीने कणीक भिजवायची, तिसरीने पोळी लाटायची. पुरण बिघडले तर कुणाकडे पाहायचे ते कळते. प्रोग्राममधली चूकही अशीच सापडते.

पत्ता आणि घर

सीमध्ये मुले सर्वांत जास्त घाबरतात ती ‘पॉइंटर’ला. खरे तर पत्ता आणि घर यांतला फरक ज्याला कळतो, त्याला पॉइंटर कळतो. पाकिटावर ‘सदर बाजार, झाशी’ असा पत्ता लिहिला म्हणजे ते पाकीट काही घर होत नाही. पण त्या पत्त्यावर पोस्टमन घरापर्यंत पोहोचतो. स्मृतीतल्या प्रत्येक डब्याला असाच एक पत्ता असतो. तो पत्ता ज्या डब्यात लिहून ठेवायचा, त्या डब्याला पॉइंटर म्हणतात.

त्याचा उपयोग काय? एखाद्या फंक्शनला तुम्ही संख्या देता, तेव्हा त्याच्या हाती मूळ कागद नव्हे, झेरॉक्स जाते. झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी तुमच्या घरातला मूळ कागद तसाच राहतो. मूळ कागदच बदलायचा असेल तर घराचा पत्ता द्यावा लागतो. ‘स्कॅनएफ’ने आकडा वाचताना डब्याच्या नावाआधी ‘अँड’चे चिन्ह का लावतात, याचे उत्तर हेच आहे. आलेला आकडा कुठे नेऊन ठेवायचा, तो पत्ता आपण सांगत असतो. ‘लावायचे असते म्हणून लावायचे’ असे उत्तर देणारा शिक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतो.

चुकीच्या पत्त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. किलोच्या डब्यात दोन किलो पीठ ओतले तर ते शेजारच्या डब्यात सांडते. सी तुम्हाला थांबवत नाही. मजकूर वाचणारी ‘गेट्स’ ही जुनी आज्ञा जागा पुरेशी आहे की नाही ते पाहतच नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत ‘मॉरिस वर्म’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम हजारो संगणकांत शिरला, त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती. २०११ च्या नियमांत ही आज्ञा भाषेतून काढून टाकण्यात आली. तुमच्या मुलाच्या वहीत ती अजून असेल तर ‘एफगेट्स’ वापरायला सांगा.

जुनी पाटी फेकायची वेळ

बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आले. निळ्या पडद्याच्या त्या साधनावर भारतातल्या कित्येक पिढ्या सी शिकल्या. त्याचे ऋण मान्य करावे आणि त्याला निरोप द्यावा. ते जुन्या डॉस प्रणालीसाठी होते. ‘कोनिओ’ची फाइल, ‘क्लियरस्क्रीन’, ‘गेटच’, ‘व्हॉइड मेन’ या त्या काळच्या सवयी. मानक नियमांप्रमाणे ‘मेन’ने पूर्ण संख्या परत द्यायची असते. या सवयी घेऊन मुलगा नोकरीच्या परीक्षेला बसला, तर पहिल्याच ओळीत अडखळतो.

यासाठी खर्च मात्र नाही. ‘जीसीसी’ हा सीचा कंपायलर १९८७ पासून मोफत मिळतो आणि आजही अद्ययावत ठेवला जातो. त्याच्याबरोबर वापरायचे ‘कोड ब्लॉक्स’सारखे संपादकही मोफत आहेत. त्यासाठी महागडा संगणक घेण्याची गरज नाही, वापरलेला जुना संगणकही चालतो. जीसीसीला ‘वॉल’ हा पर्याय दिला की तो संशयास्पद जागा दाखवतो. विचारायच्या जागी एकच बरोबरीचे चिन्ह असेल तर तेही सांगतो. हा मोफत मिळणारा दक्ष शिक्षक आहे.

यंत्रच लिहिते, मग शिकायचे कशाला?

हा आजचा प्रश्न. मराठीत काम सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम चुटकीसरशी सीचा प्रोग्राम लिहून देतात. मग मुलांनी घाम का गाळावा?

वरचा टक्केवारीचा हिशेब आठवा. प्रोग्राम चालला आणि उत्तर शून्य आले. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रामही असाच बिनतक्रार चालून चुकीचे उत्तर देऊ शकतो. ते उत्तर चूक आहे हे ओळखणारा माणूस लागतोच. विद्यार्थी शिकत असताना यंत्राकडून तयार उत्तर घेतो, तेव्हा नेमकी ही ओळखण्याची शक्तीच वाढत नाही. आधी स्वतः लिहावे, अडले तर ‘माझे कुठे चुकते आहे?’ असे विचारावे. उत्तर मागू नये.

पालकांनी काय पाहावे?

तुम्हाला संगणकातले काही कळत नसले तरी मुलाची प्रगती तपासता येते. त्याच्यापाशी बसा आणि नुकत्याच केलेल्या प्रोग्रामविषयी तीन गोष्टी विचारा. “बाळा, ही ओळ काढून टाकली तर काय होईल?” “दहाऐवजी वीस आकडे घ्यायचे असतील तर कुठे बदलशील?” “चालवण्याआधी सांग बघू, उत्तर काय येईल?” पाठ केलेले मूल पहिल्याच प्रश्नाला गप्प होते. समजलेले मूल चुकेल, पण हसत हसत करून दाखवेल.

वर्ग निवडताना आठवड्यातले किती तास मूल स्वतः संगणकावर बसणार, एका संगणकावर किती मुले असतात आणि कोणता कंपायलर वापरतात, हे विचारा. एक-दोन तास मुलाला बसवून पाहा आणि मगच पैसे भरा. सगळी फी एकदम देऊ नका, हप्त्याने द्या आणि पावती घ्या. नोकरीची हमी देणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. झाशीतल्या बुंदेलखंड अभियांत्रिकी संस्थेसारख्या १९८६ पासूनच्या सरकारी संस्था किंवा जवळचे शासकीय तंत्रनिकेतन यांचा अभ्यासक्रम एकदा नजरेखालून घातला, तर खासगी वर्गात काय शिकवायला हवे याचा अंदाज येतो.

मुलगी आणि मुलगा यांच्यात या बाबतीत फरक करू नका. घरात एकच संगणक असेल तर त्याच्या वेळा वाटून द्या. ‘दादाचे झाले की मग तू’ या वाक्यात मुलीचे कितीतरी तास वाया जातात.

घरी करून पाहण्याजोगे सहा प्रोग्राम

१. दुधाचा महिन्याचा हिशेब : रोजचे लिटर विचारून महिनाअखेरचे बिल काढा. एखाद्या दिवसाचा खाडा धरायला विसरू नका.

२. गुणांची टक्केवारी : सहा विषयांचे गुण घेऊन टक्के काढा. उत्तर दशांशात आलेच पाहिजे.

३. सुट्टे पैसे : दिलेल्या रकमेसाठी ५००, १००, ५० आणि १० च्या किती नोटा लागतील ते सांगा.

४. कोणताही पाढा : संख्या विचारून दहापर्यंत पाढा छापा.

५. विजेचे बिल : पहिल्या शंभर युनिटला एक दर, पुढच्याला दुसरा. बरोबर १०० युनिट आले तर काय होते ते तपासा.

६. अदलाबदल : दोन डब्यांतल्या संख्या फंक्शन वापरून बदला. हे जमले की पॉइंटर जमला.

प्रत्येक प्रोग्राम आधी कागदावर मराठीत लिहा, हिशेब हाताने करून उत्तर ठरवा, मग संगणकावर बसा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर वैतागू नका. कुठे बिघडले ते शोधायला लागणारी ती दहा मिनिटे हीच खरी शिकवणी आहे.